थर्मल कॅमेऱ्याशी लेझर अंतरमापक जुळवताना

भिंतीत मुरलेली ओल किंवा पोकळ होऊन सुटू लागलेला गिलावा थर्मल कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो, परंतु तो किती चौरस फूट आहे हे कॅमेरा सांगत नाही. पुण्यात पावसाळा सरला की सोसायट्यांच्या गळतीच्या तपासणीची कामे सुरू होतात, आणि त्या वेळी सेक्रेटरींचा पहिला प्रश्न ओल कोठून येते हा नसून दुरुस्तीचे क्षेत्रफळ किती भरेल हा असतो, कारण कंत्राटदाराचा दर चौरस फुटावर ठरतो. चित्रातील डागाचे खरे माप काढायचे तर डागापर्यंतचे अंतर कळले पाहिजे आणि ते त्या डागाचेच असले पाहिजे, त्याच्या शेजारच्या खिडकीचे नव्हे. त्यासाठी थर्मल कॅमेरा आणि हातात धरायचा लेझर अंतरमापक एकाच पट्टीवर बसवून दोघांच्या रेषा, म्हणजे कॅमेऱ्याच्या नजरेची आणि लेझर किरणाची दिशा, जुळवाव्या लागतात. या क्षेत्रात नव्याने आलेल्यांसाठी ती जुळवणी पुढे क्रमाने सांगितली आहे.

आधी हिशेब पाहू. समजा, कॅमेऱ्याचा सेन्सर ३८४ × २८८ पिक्सेलचा आहे, एका पिक्सेलची रुंदी १७ मायक्रॉन आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर १९ मिलिमीटर आहे. १७ मायक्रॉनला १९ मिलिमीटरने भागले की एका पिक्सेलचा कोन सुमारे ०.९ मिलिरेडियन येतो (एक मीटरवर एक मिलिमीटर व्यापणारा कोन म्हणजे एक मिलिरेडियन). म्हणजे १० मीटरवर एक पिक्सेल भिंतीचा ९ मिलिमीटरचा तुकडा व्यापतो आणि ३० मीटरवर २७ मिलिमीटरचा. चित्रात ४० पिक्सेल रुंद आणि २० पिक्सेल उंच दिसणारा डाग ३० मीटरवर असेल तर तो सुमारे १.०८ मीटर बाय ०.५४ मीटर, म्हणजे सव्वासहा चौरस फुटांच्या आसपास भरतो. अंतरात दहा टक्के चूक झाली तर लांबीत दहा टक्के आणि क्षेत्रफळात एकवीस टक्के चूक होते. अंतर नजरेने अदमासावर धरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जुळवणीतील खरी अडचण अशी की ही दोन उपकरणे एकमेकांना पाहू शकत नाहीत. अंतरमापकाचा लाल किरण सहसा ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, तर थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातील उष्णतेचे प्रारण टिपतो. कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियमचे असते आणि जर्मेनियममधून दृश्य प्रकाश आत जातच नाही. लेझरची शक्ती एक मिलिवॅटपेक्षाही कमी असल्यामुळे तो ज्या जागी पडतो ती जागा कॅमेऱ्याला जाणवण्याइतकी तापतही नाही. त्यामुळे भिंतीवर लाल ठिपका डोळ्याला लख्ख दिसत असताना थर्मल पडद्यावर त्या जागी काहीच नसते. नवखा माणूस पहिल्या दिवशी पडद्यात तो ठिपका शोधत बसतो; मीही बसलो होतो. काही कॅमेऱ्यांत साधे चित्र घेणारा दुसरा कॅमेरा असतो आणि त्यात ठिपका दिसतो, पण त्याचे भिंग वेगळ्या जागी असते व त्याची रेषाही वेगळी असते. त्याच्याशी लेझर जुळवला म्हणजे थर्मलशी जुळला, असे समजू नये.

तेव्हा लेझर पडला की डोळ्याला दिसेल आणि कॅमेऱ्यालाही उठून दिसेल असे लक्ष्य हवे. बाजारात यासाठी महागडे तक्ते मिळतात, परंतु आपल्या कामासाठी घरातील जुना, वापरून काळा पडलेला लोखंडी तवा पुरेसा आहे. काळ्या, गंजाचा व तेलाचा थर बसलेल्या पृष्ठभागाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता चांगली असते, तवा उष्णता बराच वेळ धरून ठेवतो आणि दांड्याच्या भोकातून तार ओवून तो कोठेही टांगता येतो. चकचकीत स्टीलची ताटली मात्र चालत नाही, कारण ती स्वतःची उष्णता नीट दाखवत नाही, समोरच्या वस्तूंचे आणि आकाशाचेच उष्ण-थंड प्रतिबिंब दाखवते. २५ सेंटिमीटर व्यासाचा तवा ३० मीटरवर सुमारे नऊ पिक्सेल व्यापतो आणि मध्य शोधण्यास तेवढे पुरते. तवा गॅसवर मंद तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यास चर्र आवाज होईल इतका नको. साठ-सत्तर अंश पुरे होतात. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी पुण्याची हवा झपाट्याने गार होते, त्यामुळे तेवढ्या तापमानातही तवा पडद्यावर दिव्यासारखा दिसतो.

जोडणीची पट्टी

कॅमेरा आणि अंतरमापक यांना जोडणारी पट्टी अॅल्युमिनियमची असावी. थ्री-डी प्रिंटरवर छापलेली पीएलए प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त पडते, परंतु ते प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ठेवून दिल्यास सकाळी जुळवलेली रेषा दुपारी जुळलेली राहत नाही. माझी पट्टी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. स्क्रू, स्प्रिंगा आणि नायलॉनचे वॉशर बुधवार पेठेत मिळाले. कॅमेरा पट्टीवर पाव इंची स्क्रूने घट्ट बसवावा आणि त्याला हलण्याची मुभा देऊ नये. हालचाल फक्त अंतरमापकाच्या बाजूला ठेवावी. त्याच्या खाली एक छोटी दुसरी पट्टी घेऊन ती तीन ठिकाणी टेकवावी: एका टोकाला गोल डोक्याचा स्थिर टेकू, आणि बाकी दोन ठिकाणी स्प्रिंगवर बसवलेले एम-४ स्क्रू, ज्यांपैकी एक रेषा वर-खाली करतो आणि दुसरा डावीकडे-उजवीकडे. छायाचित्रकारांचा बॉल हेड यासाठी वापरू नये. घट्ट करताना तो नेहमी किंचित सरकतो, आणि नेमका किती सरकला हे कळायला मार्ग नसतो.

स्क्रूचा आटा येथे उपयोगी पडतो. एम-४ स्क्रू एका फेऱ्यात ०.७ मिलिमीटर पुढे जातो. टेकू आणि स्क्रू यांतील अंतर ७० मिलिमीटर ठेवले तर एका फेऱ्याला रेषा दहा मिलिरेडियनने वळते, म्हणजे ३० मीटरवर ठिपका ३० सेंटिमीटर सरकतो. पाव फेऱ्याला साडेसात सेंटिमीटर, अर्ध्या पाव फेऱ्याला पावणेचार. एवढे पाठ असले की जुळवणीच्या वेळी अंधारात चाचपडावे लागत नाही; ठिपका पंधरा सेंटिमीटर डावीकडे पडला असेल तर अर्धा फेरा फिरवायचा, एवढे सरळ काम उरते.

समांतर की एकत्र

लेझरचे छिद्र आणि कॅमेऱ्याचे भिंग एकाच जागी असू शकत नाहीत. माझ्या जोडणीत लेझर भिंगाच्या बरोबर वर सहा सेंटिमीटरवर आहे. अशा दोन रेषा जुळवण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ठरावीक अंतरावर त्या एकमेकींना मिळतील अशा वळवायच्या, आणि दुसरा म्हणजे त्या कायम समांतर ठेवायच्या. नवखा माणूस बहुधा पहिला मार्ग धरतो, कारण पडद्याच्या मधोमध असलेल्या फुलीवर ठिपका आला की काम झाल्याचे समाधान मिळते.

तेच समाधान मला महागात पडले. मी पहिली जुळवणी घरच्या गॅलरीत, चार मीटरवरील भिंतीवर केली आणि ठिपका फुलीवर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या एका सोसायटीत समोरच्या विंगच्या गच्चीवरून, जवळजवळ समान पातळीवरून, मी एका बाल्कनीच्या बीमच्या खालच्या कडेला असलेला डाग मोजला. अंतर खरे पाहता ३२ मीटर होते. चार मीटरवर एकत्र आलेल्या रेषा त्यापुढे दुरावत जातात, त्यामुळे ३२ मीटरवर लेझर फुलीच्या ४२ सेंटिमीटर खाली पडत होता. म्हणजे तो बीमवर पडलाच नाही, त्याखालच्या मोकळ्या बाल्कनीतून आत गेला. हॉलचा दरवाजा उघडा होता. अंतरमापकाने प्रामाणिकपणे हॉलच्या मागच्या भिंतीचे ३८ मीटर अंतर दाखवले आणि मी ते तितक्याच प्रामाणिकपणे वहीत लिहिले. त्यामुळे क्षेत्रफळ सुमारे एकेचाळीस टक्क्यांनी जास्त आले. झुल्यावरून रंगकाम करणाऱ्या माणसाने टेपने मोजल्यावर ते उघडकीस आले, आणि सेक्रेटरींनी मला चहा पाजून अंदाजपत्रक पुन्हा करायला सांगितले. चहा चांगला होता, एवढेच त्या दिवशीचे समाधान.

तेव्हापासून मी समांतर मार्गच वापरतो. रेषा समांतर असतील तर लेझर कोणत्याही अंतरावर फुलीच्या सहा सेंटिमीटर वर पडतो. दहा मीटरवरही सहा आणि चाळीस मीटरवरही सहा. पडद्यावर मात्र ते सहा सेंटिमीटर दहा मीटरवर सुमारे सात पिक्सेलचे आणि तीस मीटरवर सुमारे दोन पिक्सेलचे दिसतात. हा फरक पाहून जुळवणी बिघडली असे वाटून घेऊ नये. ज्यांना आयुष्यभर एकाच अंतरावरून मोजायचे आहे त्यांनी खुशाल रेषा एकत्र आणाव्यात; तपासणीच्या कामात तसे कधी घडत नाही.

प्रत्यक्ष जुळवणी

सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने सोसायटीच्या आतल्या सरळ रस्त्यावर किंवा लांबलचक पार्किंगमध्ये काम सुरू करावे. दिवसा उन्हात लाल ठिपका दहा-पंधरा मीटरपलीकडे दिसेनासा होतो. वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरील रहिवाशांना आधी कल्पना द्यावी. टांगलेला तवा पाहून आमच्या वॉचमनने, "साहेब, भाकऱ्या इथंच भाजणार का?" असे विचारले होते, आणि त्याला पडद्यावर तवा दाखवल्यावर तो अर्धा तास हलला नाही.

कॅमेरा चालू करून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. सुरुवातीला आतील शटर वारंवार टक् टक् करून चित्र सुधारत असते. ते शांत होईपर्यंत जुळवणीला हात घालू नये. त्या वेळात लेझरच्या छिद्रापासून भिंगाच्या मध्यापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. येथे हमखास एक चूक होते: अंतरमापकाच्या तोंडावर दोन खिडक्या असतात, एक लहान आणि एक मोठी. किरण लहान छिद्रातून बाहेर पडतो, तर मोठी काच परत येणारा प्रकाश गोळा करते. माप लहान छिद्रापासूनच घ्यावे. मोठ्या काचेपासून घेतले तर एखाद-दोन सेंटिमीटरची चूक मुळातच शिरते आणि पुढे कितीही स्क्रू फिरवले तरी ती जात नाही.

तवा तापवण्यापूर्वी त्यावर खडूने दोन ठिपके काढावेत. एक बरोबर मध्यावर आणि दुसरा त्याच्या सरळ वर, मोजलेल्या अंतरावर. माझ्या बाबतीत सहा सेंटिमीटरवर. खडूची खूण डोळ्याला दिसते, पण तव्याइतकीच गरम होत असल्यामुळे कॅमेऱ्याला जवळजवळ दिसत नाही. म्हणूनच हे लक्ष्य सोयीचे आहे: कॅमेरा तव्याच्या कडांवरून मध्य ठरवतो आणि लेझर खडूवरून, आणि कोणी कोणाच्या कामात लुडबुड करत नाही. तापलेला तवा पकडीने उचलून तारेने ३० मीटरवर टांगावा आणि तो वाऱ्याने हलणार नाही याची खात्री करावी. टांगल्यावर दोन्ही ठिपके एका उभ्या रेषेत आहेत ना, हे ओळंब्याने पाहावे.

आता कॅमेऱ्याचा फोकस तव्यावर नीट करावा. फोकस फिरवताना चित्र किंचित सरकू शकते, म्हणून तो आधी, आणि फुली तव्याच्या मध्यावर आणणे नंतर. डिजिटल झूम वापरल्यास नऊ पिक्सेलच्या गोलाचा मध्य काढणे सोपे जाते. तिपाईचे सर्व स्क्रू आवळून झाल्यावर फुली जागेवरच आहे ना, हे पुन्हा पाहावे. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

लेझर चालू करून सहकाऱ्याला तव्याच्या बाजूला, किरणाच्या रेषेबाहेर उभे करावे. माझा भाचा फोनवरून सांगत असतो, "मामा, उजवीकडे चार बोटं, आणि थोडा खाली." चार बोटे म्हणजे साधारण सात सेंटिमीटर, म्हणजे पाव फेरा. एका वेळी एकच स्क्रू फिरवावा, फिरवल्यावर हात काढून ठिपका स्थिरावू द्यावा, आणि मगच पुढचे सांगणे ऐकावे. ठिपका वरच्या खडूच्या खुणेवर आला की काम बरेचसे झाले. येथे अतिरेकी अचूकपणाचा मोह टाळावा. अशा अंतरमापकाचा ठिपका दहा मीटरवर सुमारे सहा मिलिमीटरचा आणि पन्नास मीटरवर सुमारे तीस मिलिमीटरचा असतो. तीस मीटरवर तो अठरा मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि पिक्सेल सत्तावीस मिलिमीटरचा आहे, त्यामुळे दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत आलेली जुळवणी उत्तम समजावी. त्याहून बारीक आकडा ही उपकरणे देऊच शकत नाहीत.

पडताळणी

तवा पुन्हा थोडा गरम करून आता २० मीटरवर आणि मग १० मीटरवर टांगावा, प्रत्येक वेळी फुली मध्यावर आणावी आणि ठिपका वरच्या खुणेवर पडतो का ते पाहावे. स्क्रूंना हात लावू नये, केवळ लिहून घ्यावे. तीस मीटरवर बरोबर सहा सेंटिमीटर येऊन दहा मीटरवर सव्वापाच येत असेल, तर छिद्र आणि भिंग यांच्यातील खरे अंतर सहा नसून पाचच्या जवळ आहे आणि सुरुवातीचे माप चुकले आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी माप पुन्हा घेऊन खडूची खूण बदलावी आणि तीस मीटरपासून पुन्हा सुरुवात करावी. एका अंतरावर केलेली जुळवणी जवळजवळ नेहमीच बरोबर दिसते. दुसऱ्या अंतरावर तपासल्याशिवाय ती जुळवणी मानू नये, हे मी चाळीस टक्क्यांच्या किमतीला शिकलो.

दिवसा, ठिपका दिसत नसताना तपासायचे असेल तर कडेचा उपयोग करता येतो. रस्त्यावरचा दिव्याचा खांब निवडावा, ज्याच्या मागे काही अंतरावर इमारत आहे. तिपाई हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत सतत मापन चालू ठेवावे. लेझर खांबावर चढला की अंतर एकदम कमी होते आणि उतरला की पुन्हा वाढते. या दोन्ही उड्यांच्या क्षणी थर्मल पडद्यावरील फुली खांबाच्या कोठे आहे ते पाहावे; दोन्ही बाजूंना सारख्याच ठिकाणी असेल तर आडवी जुळवणी बरोबर आहे. उभ्या जुळवणीसाठी गच्चीचा कठडा घ्यावा, पण ज्याच्या मागे आणखी उंच इमारत आहे असाच. मागे नुसते आकाश असेल तर अंतरमापक माप न मिळाल्याचा संदेश दाखवतो, आणि मुळात लेझर आकाशाकडे धरणे चुकीचेच आहे. लोहगावच्या बाजूला तर विमानांच्या येण्या-जाण्याच्या मार्गामुळे विशेषच.

काही बारीक गोष्टी थोडक्यात सांगतो. बहुतेक अंतरमापक आपले माप उपकरणाच्या मागच्या कडेपासून धरतात. तीस मीटरमध्ये दहा-बारा सेंटिमीटरचा फरक क्षेत्रफळात नगण्य असतो, पण पाच मीटरवर तो जाणवतो, म्हणून मापनाची कड सेटिंगमध्ये पाहून ठेवावी. बंद काचेच्या खिडकीजवळ विशेष जपावे: थर्मल कॅमेऱ्याला काच अपारदर्शक असते, तर लेझर बहुतांशी तिच्यातून आत जातो, त्यामुळे चित्र काचेचे आणि अंतर आतल्या कपाटाचे असा प्रकार होतो. लेझर वर्ग दोनचा, म्हणजे एक मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा, असला तरी कोणाच्या डोळ्यात, दुचाकीस्वारावर किंवा आरशासारख्या काचेवर धरू नये. थर्मल कॅमेरा सूर्याकडे रोखू नये.

उंचावरील डागांबाबत मात्र थोडे थांबावे लागेल. जमिनीवरून, इमारतीपासून वीस मीटर दूर उभे राहून तीस मीटर उंचीचा डाग पाहिला, तर लेझरचे अंतर सुमारे ३६ मीटर येते आणि नजरेचा कोन क्षितिजापासून सुमारे ५६ अंशांचा होतो. अशा तिरक्या नजरेने डागाची उंची तिच्या खऱ्या मापाच्या सुमारे ५५ टक्केच दिसते. रुंदी तशीच राहते. जुळवणी निर्दोष असली तरी हा तिरकेपणा हिशेबात धरला नाही तर क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे भरते. चित्रातून आलेल्या उंचीला त्या कोनाच्या कोसाइनने भागावे. अनेक अंतरमापकांत कोन दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी आणि प्रत्येक मापासमोर कोनही लिहावा. शक्य असेल तेथे समोरच्या इमारतीच्या गच्चीवरूनच मोजावे, पण परवानगी मागून.

शेवटचे काम स्क्रू पक्के करण्याचे. जुळवणी झाल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत गडद रंगाच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढावी. पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटरच्या डिकीतून नेलेली पट्टी दर दोन-तीन फेऱ्यांनी थोडी सैल होते. रेघ मोडलेली दिसली की जुळवणी हलली हे कामाला सुरुवात करण्यापूर्वीच कळते. माझी रेघ गेल्या पावसाळ्यात दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा सोसायटीच्या पार्किंगमध्ये तवा पुन्हा टांगावा लागला.